बोटावरची एक चीर आणि तिने खाल्लेलं माझं डोकं

क्लायंबिंगमुळे हाताला जे काही होतं, त्यातलं बरंचसं फारसं छळत नाही. घट्टे पडतात, बोटांचे शेंडे गुलाबी होऊन हुळहुळतात, हात जरा राखला की ताळ्यावर येतात. फ्लॅपरसुद्धा दिसायलाच भयंकर असतो. घट्ट्याची साल उचकटून लोंबते, रक्त येतं, बघणारे हळहळतात. साबण-पाण्याने धुवा, आत चॉकचा (पकड घसरू नये म्हणून हाताला लावतो ती पांढरी पूड) कण राहू देऊ नका, लोंबणारी मेलेली साल स्वच्छ कात्रीने कडेपासून कापा, वर मलम आणि पट्टी लावा. संपला विषय.

चीर मात्र संपत नाही.

माझी चीर मधल्या बोटावर होती, शेंड्याजवळच्या सांध्याच्या बरोब्बर घडीत. केसाएवढी बारीक. कुणाला दाखवली तर "कुठे आहे?" म्हणून विचारायचे. पण शर्टाचं बटण लावताना, कुलपात किल्ली फिरवताना, केस धुताना शाम्पू आत शिरला की डोळ्यांत टचकन पाणी यायचं. बारीक होल्डवर, म्हणजे चढताना हाताने धरायच्या उंचवट्यावर, बोटं आवळायचा तर प्रश्नच नव्हता.

ज्याला त्याला विचारलं. उत्तर एकच: "थांब. हवा लागू दे, सुकू दे." थांबले. चीर वरून मिटल्यासारखी व्हायची, दोन्ही कडा जुळलेल्या दिसायच्या, मी खुशीत वॉलवर (चढायच्या कृत्रिम भिंतीवर) जायचे आणि पहिल्याच क्रिंपला, म्हणजे बारीक कडेवर बोटं दुमडून धरलेल्या पकडीला, ती परत उघडायची, त्याच रेषेत. मग पुन्हा "थांब". हे चक्र इतकं चाललं, की पुढे "थांब" म्हणणाऱ्याचाच राग यायला लागला. थांबून नेमकं काय होणार आहे, हे एकालाही सांगता येत नव्हतं.

मग शोधाशोध करून जे कळलं ते असं. तळहाताला आणि बोटांच्या आतल्या बाजूला घामाच्या ग्रंथी भरपूर, पण तेल सोडणाऱ्या ग्रंथी मुळात नसतातच. बाकीच्या अंगाला मिळतं तसं घरचं तेल या कातडीला मिळत नाही. त्यात आपण वरून चॉक थापतो. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, त्याचं कामच ओल शोषणं. लिक्विड चॉकमध्ये शिवाय अल्कोहोल. घर्षणाने जाड झालेला थर अशा वेळी वाळलेल्या चामड्यासारखा ताठ होतो. बोट वाकतं, तो वाकत नाही, आणि घडीत तडकतो. हा वरचा थर मेलेल्या पेशींचा. तो स्वतः जुळून येत नाही. खालून नव्या पेशी वर सरकाव्या लागतात आणि त्या प्रवासाला साधारण महिनाभर जातो. तोवर चिरेच्या दोन्ही कडा कडक असतील, तर बोट वाकवलं की त्या कडा तळाची कोवळी कातडी दोन्हीकडून ओढतात. म्हणजे नुसतं थांबून कडा आणखी वाळणार, आणखी कडक होणार. माझी चीर का मिटत नव्हती ते इथे कळलं.

उपाय वेळखाऊ आहे, पण साधा. हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करायचा. नखांची बारीक कानस किंवा बारीक पॉलिश पेपर घेऊन चिरेच्या दोन्ही कडा हलक्या हाताने घासायच्या, बोट फिरवलं तर कड लागू नये इतक्या. चिरेच्या आत घासायचं नाही आणि लाल कातडी दिसेपर्यंत तर मुळीच नाही. मग पेट्रोलियम जेलीचा जाडसर थर देऊन वर टेप लावायची आणि सांधा झोपेत दुमडणार नाही अशा बेताने गुंडाळायची. बोटाचा शेंडा निळा पडेल इतकी आवळू नका. सकाळी टेप काढायची, रात्री पुन्हा सगळं तेच.

"सुकू दे" म्हणणाऱ्यांसाठी खास: जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखवलं होतं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या, वाळलेल्या जखमेपेक्षा लवकर येते. इतकी जुनी गोष्ट, आणि वॉलखाली अजून "हवा लागू दे" चालूच.

सुपरग्लूचा सल्लाही मिळेल. त्या दिवसापुरतं भागतं, नाही असं नाही. पण घरगुती ग्लू सुकताना तापतो, आग होते, आणि घडीवर तो कडक होऊन स्वतःच तडकतो. डॉक्टर जखमेला लावतात तो वेगळा असतो. खोल किंवा मळलेल्या चिरेत यातलं काहीच भरू नका.

बाकीचं आठवेल तसं सांगते. मधमाशीच्या मेणाचं बाम रात्री लावायचं, चढण्याच्या आधी नाही. मऊ पडलेली साल होल्डवर सोलून निघते. अंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच चढायला जाऊ नका, कारण तेच. चढून झालं की चॉक आधी धुवायचा, गप्पा नंतर. युरियाचं क्रीम घेणार असाल तर टक्केवारी बघा: १० टक्क्यांच्या आसपासचं ओलावा धरतं, ४० टक्क्यांचं कातडीच विरघळवायला लागतं. हाताला फार घाम येणारे काही जण मेथेनामाइनचं मलम लावतात. ते शेंड्यांपुरतं ठेवा, सांध्यांच्या घडीला लागलं की कातडी वाळून तिथेच चीर पडते.

घट्ट्यांचे उंचवटे अधूनमधून घासून सपाट ठेवले की फ्लॅपर कमी होतात. सगळा घट्टा काढून टाकू नका, तो कमावलेला असतो. आणि शेंडे लाल, चकचकीत दिसायला लागले, होल्डला हात लावताच चरचरलं, की त्या दिवसाचं चढणं तिथेच थांबवा. या एका ठिकाणी मात्र "थांब" म्हणणारे बरोबर असतात.

माझी चीर शेवटी तळापासून भरून आली. जागेवर नवी, जरा चपटी कातडी आहे, आणि क्रिंपला टिकते.

हो, एक राहिलंच. चिरेभोवती सूज, पू, ठणका किंवा वर सरकत जाणारी लाली दिसली तर कानस-बिनस ठेवून सरळ डॉक्टर गाठा. मातकट दगडावर हात फाटला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, तेही त्यांना सांगा.