परदेशी ओव्हन, आपलं सॉकेट आणि हरवलेलं अर्थिंग : माझा अनुभव

जर्मनीहून परतताना आम्ही ओट्यावर ठेवायचा विजेचा ओव्हन सामानातून आणला. जाड पत्र्याचा, २००० वॅटचा, अजून वॉरंटीत असलेला. तो इथे सुरक्षितपणे चालू व्हायला जो वेळ गेला, त्यातला बहुतेक एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर आणि त्यांच्या तक्रार क्रमांकांच्या मागे धावण्यात गेला. त्याचा राग अजून उतरलेला नाही. पण लिहायचं खरं कारण वेगळं आहे. तिथे मला जो सल्ला मिळाला तो जिवावर बेतणारा होता, आणि तोच सल्ला आजही कुणाला तरी मिळत असणार.

व्होल्टेजचा प्रश्न आमच्या बाबतीत आला नाही. ओव्हनच्या मागच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं होतं. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, जर्मनीतही तीच. म्हणजे ट्रान्सफॉर्मर वगैरे काही नको. अमेरिकेहून किंवा जपानहून वस्तू आणणाऱ्यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी खाली लिहिते आहे, ते वाचल्याशिवाय काहीही लावू नका.

अडलं ते प्लगवर. जर्मन प्लगला दोन जाड गोल पिना असतात, ४.८ मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून १९ मिलिमीटरवर. तिसरी पिन नसते. त्याऐवजी प्लगच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात, आणि तेच त्याचं अर्थिंग. तिकडच्या सॉकेटच्या खोलगट भागात दोन बाजूंना स्प्रिंगसारखे पत्रे असतात, ते या पट्ट्यांना चिकटतात. आपल्याकडचा प्लग तीन गोल पिनांचा, वरची लांब आणि जाड पिन अर्थची. त्यामुळे जर्मन प्लगच्या दोन पिना आपल्या ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टरमध्ये छान घुसतात, ओव्हन तापतो, लाल दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं. मात्र त्या कडेच्या पट्ट्या हवेत राहतात. ओव्हनचा पत्रा अर्थला जोडलेलाच नसतो.

याचा अर्थ काय ते सरळ सांगते. आतली फेजची वायर कधी सैल झाली किंवा तिचं आवरण उष्णतेने फुटलं आणि ती पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असताना मोठा प्रवाह जमिनीत जातो आणि एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) पडतो. अर्थिंग नसेल तर काहीच पडत नाही. पत्रा २३० व्होल्टवर शांतपणे उभा राहतो, ओल्या हाताने कुणी दार उघडेपर्यंत. ओव्हन, किटली, कॉफी मशीन, टोस्टर अशा धातूच्या आणि तापणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत म्हणून मी एक पाऊलही मागे हटायला तयार नव्हते.

आता सर्व्हिस सेंटर. माझे प्रश्न दोनच होते. एक, याच ओव्हनची भारतीय प्लग असलेली मूळ कॉर्ड मिळते का? दोन, ती मिळत नसेल तर तुमच्या माणसाकडून १६ अँपिअरचा भारतीय प्लग बसवून मिळेल का, आणि मग वॉरंटीचं काय?

त्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये मॉडेल यादीतून निवडावं लागतं. आमचं मॉडेल यादीत नव्हतं, आणि ते निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. फोन केला तर सीरियल नंबर मागितला, तो त्यांच्या संगणकाने नाकारला, कारण त्यांच्याकडची अक्षरसंख्या वेगळी. शेवटी फोनवरच्या मुलीने जवळचं एक मॉडेल टाकून तक्रार नोंदवली. संध्याकाळी संदेश आला : ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे.’ कुणी फोन केला नव्हता, कुणी काही विचारलं नव्हतं. पुन्हा नोंदवली, पुन्हा तशीच बंद. वस्तू परदेशात घेतली म्हणून वॉरंटी इथे लागू नाही, हे उत्तर मी समजू शकते. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात विक्री झाली तिथपुरतीच असते. पण ते उत्तरही त्यांनी लेखी दिलं नाही. मी फुकट काही मागत नव्हते, पैसे मोजायला तयार होते.

मग प्रत्यक्ष गेले. रांग, टोकन, पुन्हा तोच सीरियल नंबरचा घोळ. काउंटरवरचा तरुण म्हणाला, ‘मॅडम, एवढं काय त्यात? अडॅप्टर लावा आणि वापरा.’ आणि ड्रॉवरमधून एक पांढरा अडॅप्टर काढून माझ्यासमोर ठेवला. मी विचारलं, यात अर्थिंग जोडलेलं आहे का? ‘तीन पिना आहेत ना मॅडम.’ मी विचारलं, किती अँपिअरचा आहे? त्याने उलटा करून पाहिला. बारीक अक्षरात ६ अँपिअर. २००० वॅटला २३० ने भागलं तर ८.७ अँपिअर येतात. हे मी त्याला कागदावर लिहून दाखवलं. तो म्हणाला, ‘सगळे हेच वापरतात.’

सगळे हेच वापरतात, या वाक्यावर माझं डोकं फिरलं. अधिकृत सेंटरच्या काउंटरवर बसलेला माणूस असं म्हणतो तेव्हा समोरचा विश्वास ठेवतो. मी तो अडॅप्टर तपासायला म्हणून घरी नेला.

तपासणी अगदी सोपी आहे आणि कुणीही करू शकतं. वस्तू कुठेही जोडलेली नको, प्लग हातात मोकळा हवा. मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र) बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेवायचा; दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो. एक टोक ओव्हनच्या उघड्या धातूला लावायचं : एखादा स्क्रू किंवा आतली न रंगवलेली पट्टी, रंगवलेल्या भागाला लावून उपयोग नाही. दुसरं टोक प्लगच्या कडेच्या धातूच्या पट्टीला. बीप वाजला, म्हणजे ओव्हनचं स्वतःचं अर्थिंग शाबूत होतं. मग प्लग अडॅप्टरमध्ये घातला आणि दुसरं टोक अडॅप्टरच्या जाड अर्थ पिनेला लावलं. काही वाजलं नाही. पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, पिन घासून पाहिली. शांत.

मी ओव्हन, मीटर आणि अडॅप्टर तिन्ही घेऊन सेंटरवर गेले आणि काउंटरवर सगळ्यांसमोर तीच तपासणी करून दाखवली. रांगेतले लोक बघत होते. काउंटरवरच्या तरुणाने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरने मला बसायला सांगितलं, आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मी उठले नाही. हा हट्ट मी केला याचं मला समाधान आहे, कारण त्यानंतरच मला आतल्या वर्कशॉपमधल्या तंत्रज्ञाशी बोलू दिलं. पन्नाशीतले गृहस्थ होते. अडॅप्टर हातात घेऊन दोन क्षणांत म्हणाले, ‘ताई, ही पिन नुसती बसवायला आहे, आत कशालाच जोडलेली नाही. हा ओव्हनला लावायचाच नाही.’ इतके दिवस मला हे एकच वाक्य कुणाकडून तरी हवं होतं.

मूळ भारतीय कॉर्ड त्यांच्याकडे नव्हती. माहितीपत्रकातली एक ओळ त्यांनीच मला दाखवली : कॉर्ड बदलायची झाल्यास ती उत्पादक, त्याचा सेवा प्रतिनिधी किंवा तशाच पात्रतेच्या व्यक्तीने बदलावी. ओव्हन उघडायची मात्र गरज नव्हती. कॉर्डच्या टोकाचा साच्यातला प्लग कापून तिथे १६ अँपिअरचा थ्री-पिन टॉप बसवायचा होता. माझी संमती लिहून घेतली आणि त्यांनी काम सुरू केलं. मी शेजारी उभी राहून पाहत होते, आणि ते प्रत्येक पायरी सांगत होते. तपकिरी वायर एल (फेज) खुणेच्या पिनेला, निळी एन (न्यूट्रल) खुणेच्या, हिरवी-पिवळी अर्थला. अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवली, म्हणजे कुणी कॉर्ड ओढली तरी ती सगळ्यात शेवटी सुटेल. प्लगमधली पकडपट्टी बाहेरच्या जाड आवरणावर घट्ट बसवली, आतल्या वायरींवर नाही. मग मीटर लावला : नव्या अर्थ पिनेपासून ओव्हनच्या स्क्रूपर्यंत बीप. त्यानंतर मेगर, म्हणजे वायरींच्या आवरणातून वीज गळते का ते पाहणारं यंत्र, लावून आतलं इन्सुलेशन तपासलं. जहाजातून आलेल्या किंवा बरेच महिने बंद पडलेल्या वस्तूच्या हीटिंग एलिमेंटमध्ये ओल शिरते, आणि पहिल्यांदा चालू करताच आरसीसीबी पडतो, असं त्यांनी सांगितलं. तसं झालं तर आरसीसीबीला बगल देऊन वस्तू चालवायची नाही, ती तपासून आणि सुकवून घ्यायची.

मी कळवळून विचारलं, तुम्हाला हे सगळं माहीत आहे, मग काउंटरवर ते अडॅप्टर का ठेवतात? ते काही बोलले नाहीत. मी मॅनेजरला लेखी अर्ज दिला की हा अडॅप्टर तापणाऱ्या उपकरणांसाठी देऊ नये. पोच घेतली. पुन्हा तिथे गेले तर आधी तो ड्रॉवर उघडायला लावणार आहे.

घरी आल्यावर बाकी काही अडलं नाही. १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर ओव्हन थेट लावला, एक्स्टेंशन बोर्ड मध्ये न घेता. तत्पूर्वी वायरमनकडून त्या पॉइंटचं अर्थिंग तपासून घेतलं. प्लग कितीही नीट बसवला तरी भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थच्या भोकामागे वायरच नसेल तर सगळी मेहनत वाया जाते, आणि जुन्या घरांत असं आढळतं. मीटरबोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या, आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा. दाबताच तो पडला पाहिजे. पहिल्या अर्ध्या तासाने ओव्हन बंद केला, प्लग काढला आणि पिनांजवळ हात लावून पाहिला. पिन कोमट असेल तर ठीक, हाताला चटका बसत असेल तर सॉकेट सैल आहे, ते बदला.

वायरींच्या रंगांबद्दल आणखी एक, कारण इथे चूक जिवावर येते. तपकिरी, निळा, हिरवा-पिवळा ही युरोपातली पद्धत. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. अमेरिकेत काळी फेज आणि पांढरी न्यूट्रल. म्हणजे काळी वायर एका ठिकाणी न्यूट्रल तर दुसऱ्या ठिकाणी फेज. सवयीने रंग पाहून जोडणाऱ्या माणसाला हे आधी सांगा, आणि त्याने मीटर लावला नाही तर काम थांबवा.

प्रत्येक वस्तूला अर्थिंग लागतंच असं नाही. पट्टीवर एका चौकोनात दुसरा छोटा चौकोन काढलेला असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची, तिला दोनच वायरी. बरेच हँड ब्लेंडर असे असतात. त्यांचा युरोपातला चपटा, ४ मिलिमीटरच्या पिनांचा छोटा प्लग जास्तीत जास्त २.५ अँपिअरसाठी असतो. त्यांना चांगला अडॅप्टर चालतो, फक्त त्यावरचे अँपिअर आणि वस्तूचे वॅट जुळवून पाहा.

अमेरिकेतल्या वस्तूंचं. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ; जपानमध्ये १०० व्होल्ट, पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ. १२० व्होल्टचा टोस्टर आपल्या २३० व्होल्टवर लावला तर तो दुप्पट नाही, जवळजवळ पावणेचार पट उष्णता काढू पाहतो, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. त्यासाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, तोही वस्तूच्या वॅटपेक्षा किमान पाव हिस्सा जास्त क्षमतेचा. १५०० वॅटसाठी २००० चा घ्या. तो जड असतो, जागा खातो, गरम होतो. प्रवासात मिळणारे हलके कन्व्हर्टर आतमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या वस्तूंना लावू नका. ट्रान्सफॉर्मरने ६० चे ५० हर्ट्झ होत नाहीत. त्यामुळे विजेच्या लहरींवर चालणारं घड्याळ तासाला दहा मिनिटं मागे पडतं, आणि ट्रान्सफॉर्मरवाला जुना मायक्रोवेव्ह व्होल्टेज बरोबर असूनही आतून तापतो. माझ्या मते तापणाऱ्या अमेरिकन वस्तू आणूच नयेत, तिथेच कुणाला तरी द्याव्यात.

ब्रिटनच्या प्लगचं राहिलं. तीन चौकोनी पिनांच्या त्या प्लगमध्ये छोटा फ्यूज असतो, बहुधा ३ किंवा १३ अँपिअरचा, आणि बारीक कॉर्डच्या वस्तू त्याच फ्यूजच्या भरवशावर असतात. प्लग कापला की फ्यूजही गेला, आणि आपला १६ अँपिअरचा एमसीबी त्या बारीक वायरीला वाचवू शकत नाही. अशा वेळी प्लग न कापता अर्थ जोडलेला, त्यांच्या चौकोनी पिना नीट धरणारा अडॅप्टर घ्या, म्हणजे त्यांचा फ्यूज जागेवर राहील. आणि तो अडॅप्टरही आधी मीटरवर वाजवून पाहा.