स्टार्टर ठक करून थांबला, आणि सगळे बॅटरीच्या मागे लागले

ही गाडी टेम्पोत घालून आणली होती. जुनी सहाशे सीसी स्पोर्ट बाईक, चार सिलिंडर, चार कार्बोरेटर, फ्युएल इंजेक्शन यायच्या आधीच्या काळातली. तक्रार अशी की बटण दाबलं की ठक असा आवाज येतो आणि सगळं थांबतं. बॅटरी नवी टाकून झाली होती, स्टार्टर रिले (बॅटरीचा करंट मोटरला सोडणारा स्विच) बदलून झाला होता, आता स्टार्टर मोटर मागवायची का एवढंच मालकाला विचारायचं होतं. आणि बोलता बोलता तो परत बटणाकडे हात न्यायला लागला तेव्हा मी म्हणलं दादा, थांबा, आता हात लावू नका.

कारण इंजिनच्या बाजूला असलेली, आतलं ऑइल दाखवणारी काच. गाडी सरळ उभी केल्यावर ऑइल दोन खुणांच्या मधे दिसायला पाहिजे, इथे काच पार वरपर्यंत भरलेली, आणि फिलरचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा भपकारा. ऑइल आपोआप वाढत नाही ना, वाढलंय म्हणजे काहीतरी आत येतंय.

मग क्रँकच्या टोकाच्या बोल्टला सॉकेट लावून हाताने इंजिन फिरवलं. पुढे थोडं फिरून एका जागी घट्ट अडलं, मागे मात्र मोकळं, परत पुढे आणलं की बरोबर त्याच जागी अडलं. पिस्टन किंवा बेअरिंग धरलं असेल तर दोन्हीकडे जाम लागतं. एकाच बाजूने, एकाच ठिकाणी अडतंय म्हणजे पिस्टनच्या वर काहीतरी साठलंय. पेट्रोल हवेसारखं दाबलं जात नाही, भिंतच ती, आणि तशात जोर लावला की वाकतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. माझा जीव वर खाली होत होता तो बॅटरीसाठी नाही, या रॉडसाठी.

चारही प्लग काढले, कॉइलचे कनेक्शन सोडवले (हे आधी करायचं, पेट्रोल बाहेर उडणार असताना ठिणगी नको म्हणजे नको), भोकांवर फडकी धरली आणि हातानेच इंजिन फिरवलं. दोन नंबरच्या भोकातून पेट्रोलचा फवारा आला. बाकीचे तीन कोरडे.

इथे खरा प्रश्न सुरू झाला. फ्लोटच्या नीडल, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल पुरेसं भरलं की ते बंद करणाऱ्या सुया, आधीच कुणीतरी बदलल्या होत्या, म्हणजे हाच त्रास पूर्वीही झाला होता आणि तेव्हा दोष कार्बोरेटरला देऊन विषय संपवला होता. मी फ्लोट बाऊल (त्याच वाट्या) उघडून बघितले, पातळी ठीक, नीडल नव्याच, बसतायत पण नीट. मग दोन नंबरलाच का? त्याचा प्लग पण बाकीच्यांपेक्षा काळाकुट्ट, हे काही एका रात्रीचं काम नाही.

या गाडीला व्हॅक्यूमवर चालणारा पेट्रोल कॉक आहे. इंजिन चालू असेल तेव्हा इंटेकचा (हवा-पेट्रोल सिलिंडरमधे जायच्या वाटेचा) व्हॅक्यूम आतला रबरी डायाफ्राम ओढतो आणि पेट्रोल सुटतं, इंजिन बंद की पेट्रोल बंद. तो व्हॅक्यूम घ्यायला एक बारीक पाईप एकाच सिलिंडरच्या इंटेकला जोडलेला असतो, आणि इथे तो होता दोन नंबरला. मी तो पाईप उपसला तर आतून ओला. त्यात फक्त हवेची ओढ असायला पाहिजे, पेट्रोलचा थेंबही नाही. कॉक खोलला, डायाफ्राम कडक झालेला आणि कडेला बारीक चीर. म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरला बगल देऊन सरळ इंटेकमधे जात होतं, चालू असताना मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), उभी असताना उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमधे, आणि तिथून रिंगांच्या कडेने ऑइलमधे. नीडल कितीही नव्या घाला, या वाटेवर त्या येतच नाहीत. असं अर्धवट निदान झालेलं बघितलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण गाडी लक्षणं सगळी दाखवत होती.

आता रॉड. प्लगच्या भोकातून बारीक लाकडी काडी सोडून प्रत्येक पिस्टन सगळ्यात वर किती येतो ते व्हर्नियरने मोजलं. एक आणि चार सोबत वर येतात, दोन आणि तीन सोबत, त्यामुळे दोनची तुलना तीनशी लगेच होते. रॉड वाकला असता तर दोन नंबर खाली राहिला असता. चारही सारखे निघाले आणि मी मोठा श्वास सोडला. स्टार्टर मोटर जीव काढून फिरवत होती पण तिचा जोर तेवढा पडला नव्हता. इंजिन पळत असताना हे झालं असतं तर गोष्ट वेगळी होती.

पातळ झालेलं ऑइल आणि फिल्टर काढून टाकला, नवा कॉक बसवला, आणि व्हॅक्यूम पाईपचं टोक इंटेकला न जोडता एका पारदर्शक बाटलीत सोडून टाकी भरलेली ठेवून रात्रभर गाडी उभी ठेवली. सकाळी बाटली कोरडी. मग पाईप जोडला, स्टार्ट केली, तीच 'मेलेली' मोटर पहिल्या झटक्यात फिरली. इंजिन गरम झाल्यावर कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं, चारही जवळपास सारखे. थोडी चालवून ऑइल परत एकदा बदललं, कारण पहिल्या वेळी कोपऱ्यात राहिलेलं पेट्रोल नव्या ऑइलमधे मिसळतंच आणि बेअरिंगला ते नको. या वेळी निघालेल्या ऑइलला पेट्रोलचा वास जवळजवळ नव्हता. मालकाला स्टार्टर मोटर मागवायचा बेत रद्द करायला सांगितला आणि त्या पैशात इंटेकचे रबर बदलून घेऊ म्हणलं, त्यांनाही चिरा पडायला लागल्यात.