चिपळूणची क्यूजीआयएस कार्यशाळा आणि लॅबमध्ये न दिसणारी प्लगइन्स

पावसाळ्यात पुण्याहून चिपळूणला जायचं तर मी कऱ्हाडमार्गेच जातो. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरला की पोफळी आणि पुढे चिपळूण. भोरवरून वरंध घाटाचा रस्ता नकाशावर बरा दिसतो, पण ऐन पावसात तो चालू आहे की बंद हे आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावं लागतं. मुंबईकरांनी सरळ कोकण रेल्वेने यावं. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मग सॅकमध्ये टाका. सॅकच्या रेनकव्हरवर कोकणात विसंबू नये.

काम होतं भूगोलाच्या विद्यार्थ्यांना क्यूजीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं मोफत सॉफ्टवेअर, शिकवण्याचं. 22 जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी कुठल्या आळीत किती चढलं होतं, याचा नकाशा मुलांना स्वतः करायचा होता. घराघरांतून विचारून माहितीही त्यांनी गोळा केली होती. परिसरातल्या एका महाविद्यालयाची लॅब मिळाली. लागणाऱ्या प्लगइन्सची (क्यूजीआयएसला जादा सोयी जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅम्सची) यादी मी आधीच पाठवली होती आणि लॅब सांभाळणाऱ्या सरांनी ती सगळी टाकून ठेवल्याचं कळवलंही होतं.

सकाळी मुलांनी आपापल्या लॉगिनने क्यूजीआयएस उघडलं, तर एकाकडेही क्विकओएसएम (ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा उतरवणारं प्लगइन) नाही, क्विकमॅपसर्व्हिसेस (मागे तयार नकाशा दाखवणारं) नाही. "सर, माझ्याकडे तर दिसतायत, बघा ना," म्हणत सरांनी ॲडमिनच्या लॉगिनने मशीन उघडून दाखवलं. खरंच सगळी प्लगइन्स जागच्या जागी. मुलांच्या लॉगिनने पुन्हा रिकामं.

दोघंही खरं बोलत होते. क्यूजीआयएस हा प्रोग्रॅम एकदाच, सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसतो आणि सगळे तोच वापरतात. पण प्लगइन मॅनेजरमधून टाकलेलं प्लगइन तिथे जात नाही. ते टाकणाऱ्याच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्याच्या लॉगिनपुरत्या क्यूजीआयएसच्या फोल्डरात जातं: त्याच्या ॲपडेटातल्या रोमिंगमध्ये, पुढे क्यूजीआयएस, क्यूजीआयएस3, प्रोफाइल्स, डीफॉल्ट, पायथन, प्लगइन्स. ॲडमिनने पन्नास प्लगइन्स टाकली तरी ती ॲडमिनचीच. मुलांच्या लॉगिनला त्यांचा पत्ताही नसतो, आणि प्रोग्रॅम फाइल्समध्ये काही चिकटवायला गेलं तर विंडोज परवानगी मागतं, जी त्यांच्याकडे नसते. म्हणून अशा लॅबमध्ये गेल्यावर काहीही नव्याने टाकण्याआधी मुलाच्या लॉगिनने एक प्रश्न विचारा: हे क्यूजीआयएस प्लगइन्स नेमकी कुठे शोधतंय?

त्यासाठी ॲपडेटा हे लपवलेलं फोल्डर हुडकत बसू नका. सेटिंग्ज मेनूत युजर प्रोफाइल्स आणि त्यात ओपन ॲक्टिव्ह प्रोफाइल फोल्डर, की बरोबर हवं ते फोल्डर उघडतं. आणखी खात्री हवी असेल तर कंट्रोल-ऑल्ट-पी दाबून पायथन कन्सोल (पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आज्ञा द्यायची खिडकी) उघडा आणि क्यूजीआयएसच्या युटिल्स मॉड्यूलमधली प्लगइन पाथ्स नावाची यादी छापा. तुमचं फोल्डर त्या यादीत नसेल तर क्यूजीआयएस तिकडे बघतच नाहीये, मग दहा वेळा रीस्टार्ट केलं तरी उपयोग नाही.

आम्ही केलेला उपाय असा. डी ड्राइव्हवर सगळ्यांना वाचता येईल असं एक फोल्डर केलं आणि प्लगइन्सची फोल्डर्स त्यात ठेवली. मग विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतात त्या नोंदींमध्ये) एक नवं व्हेरिएबल: आधी क्यूजीआयएस, मग अंडरस्कोर, मग प्लगइनपाथ सलग, सगळं कॅपिटलमध्ये. त्याची किंमत म्हणजे त्या फोल्डराचा पत्ता. स्वतःच्या खात्यापुरतं व्हेरिएबल करायला ॲडमिन लागत नाही, त्यामुळे कोणाचा पासवर्ड न मागता हे मुलांच्या लॉगिनमधूनही होतं. ॲडमिन शेजारीच उभा असेल तर मात्र सिस्टिमचं व्हेरिएबल करून घ्या, एका मशीनवर एकदाच काम. क्यूजीआयएस बंद करून पुन्हा उघडायला विसरू नका.

इथे एक चकवा आहे. क्यूजीआयएसच्या ऑप्शन्समध्ये सिस्टिम या पानावर प्लगइन पाथ्स अशी जागा दिसते आणि सगळे आनंदाने पत्ता तिथे टाकतात. ती जागा सी प्लस प्लस या भाषेत लिहिलेल्या प्लगइन्ससाठी आहे. आपण डाउनलोड करतो ती जवळपास सगळी पायथनची. त्यांना त्या जागेचा उपयोग शून्य.

एवढं करूनही काही मशीन्सवर एक-दोन प्लगइन्स गायब होती. त्यांच्या झिप फायली विंडोजच्या एक्स्ट्रॅक्ट ऑलने उघडल्या होत्या. त्याने क्विकओएसएम नावाच्या फोल्डरात पुन्हा क्विकओएसएम नावाचं फोल्डर तयार होतं. क्यूजीआयएस फक्त पहिल्या पातळीवर बघतं, तिथे मेटाडेटाची (प्लगइनची माहिती देणारी) टेक्स्ट फाइल सापडली नाही की ते फोल्डर गुपचूप सोडून देतं. एररही नाही, इशाराही नाही. आतलं फोल्डर उचलून एक पायरी वर ठेवलं की झालं. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवरून उतरवलेल्या झिपमध्ये फोल्डराच्या नावाला शेवटी आडवी रेघ आणि मेन किंवा मास्टर चिकटलेलं असतं. पायथनला मॉड्यूलच्या नावात ती रेघ चालत नाही, तेवढं शेपूट काढून टाका.

प्लगइन यादीत दिसतंय पण चालत नाही, असं झालं तर आधी त्याच्यासमोरची चौकट बघा. सामायिक फोल्डरातलं प्लगइन प्रत्येकाला दिसतं, पण ते चालू करण्याची टिक ज्याची त्याने करायची असते, कारण ती नोंद ज्याच्या त्याच्या प्रोफाइलमध्ये राहते. टिक करूनही ढिम्म असेल तर व्ह्यू मेनूतल्या पॅनल्समधून लॉग मेसेजेस उघडा. जुन्या प्लगइन्सचा संशय असेल तर मेटाडेटा फाइलमध्ये किमान आवृत्ती कोणती लिहिली आहे ते वाचा. क्यूजीआयएस 3.0 फेब्रुवारी 2018 मध्ये आलं आणि पायथन 3 वर गेलं. त्याआधीच्या काळातलं, पुढे कोणी हात न लावलेलं प्लगइन आता चालणार नाही, त्यावर वेळ घालवू नका.

सामायिक फोल्डर फक्त वाचण्यापुरतं खुलं असलं तरी पायथनचं अडत नाही. अडतं ते स्वतःच्याच फोल्डरात तात्पुरत्या फायली लिहायला जाणाऱ्या प्लगइन्सचं. तसलं एखादं निघालं तर ते मुलांच्या प्रोफाइलमध्येच टाका. त्यासाठी प्लगइन मॅनेजरमध्ये इन्स्टॉल फ्रॉम झिप आहे. त्याला इंटरनेट लागत नाही आणि झिप उघडायचीही गरज नाही.

काही लॅबमध्ये रीस्टार्ट झाल्यावर मशीन होतं तसं करून ठेवणारं सॉफ्टवेअर असतं. दुपारी सगळं बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी कोरी. तिथे अख्खं प्रोफाइल पेनड्राइव्हवर न्या आणि क्यूजीआयएसच्या शॉर्टकटमध्ये टार्गेटच्या शेवटी प्रोफाइल्स-पाथ हा पर्याय, आधी दोन आडव्या रेघा देऊन, पेनड्राइव्हच्या पत्त्यासह लिहा. हा शॉर्टकटही रोज नव्याने करावा लागेल, म्हणून तोही पेनड्राइव्हवरच ठेवा. चालतं, पण हळू चालतं. माझ्या मते अशा ठिकाणी लॅबच्या सरांना आधी फोन करून कार्यशाळेपुरतं ते कुलूप काढून ठेवायला सांगणं जास्त शहाणपणाचं.

जाताना बरोबर काय न्यायचं: सगळ्या प्लगइन्सच्या मूळ झिप फायली, क्यूजीआयएसचा एक जीबीहून मोठा इन्स्टॉलर, आणि गावाच्या परिसराचा ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा आधीच उतरवून. कारण क्विकमॅपसर्व्हिसेस बसलं तरी त्यामागचा नकाशा इंटरनेटवरूनच येतो, आणि पाऊस धरला की इंटरनेटचा आणि विजेचाही भरवसा नाही. त्या प्लगइनमध्ये सुरुवातीला मोजकेच नकाशे दिसतात, बाकीचे सेटिंग्जमध्ये मोअर सर्व्हिसेसमधून गेट कॉन्ट्रिब्युटेड पॅक दाबल्यावर येतात. तेही प्रत्येक लॉगिनला वेगळं करावं लागतं. वर्गातल्या अर्ध्या मुलांकडे लांब यादी आणि अर्ध्यांकडे आखूड दिसली तर कारण एवढंच.

आणि यादी पाठवताना "प्लगइन्स टाकून ठेवा" असं लिहू नका. "एका विद्यार्थ्याच्या लॉगिनने क्यूजीआयएस उघडून प्लगइन्सच्या मेनूचा फोटो पाठवा" असं लिहा.