बालेन्सियागा पाठीकडून पाहावा

स्पॅनिश फॅशन डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागाच्या कपड्यांचे बहुतेक फोटो समोरून काढलेले असतात, आणि त्याचं निम्मं काम तर पाठीवर आहे. १९५१ साली त्याने आणलेला सूट पुढून अंगासरशी बसायचा आणि मागून सुटा राहायचा. कॉलर मानेला टेकायची नाही, जरा मागे सरकून उभी राहायची. त्या काळात पॅरिसमध्ये ख्रिस्तियाँ दिओरने आवळलेल्या कमरेचं राज्य आणलं होतं. सगळी फॅशन कमरेकडे बघत असताना या माणसाने पाठ मोकळी केली.

मी त्याची निस्सीम चाहती आहे. शिवणकाम शिकत असताना त्याच्या एका बाहीचा कागदी पॅटर्न पाहण्यात आला. मुंढ्याला वेगळी शिवण नाही, बाही आणि खांदा एकाच तुकड्यातून बेतलेले, बगलेत फक्त एक छोटा चौबगला. एवढ्याशा तुकड्यामुळे हात वर नेला तरी अंगातला कपडा वर ओढला जात नाही. तेव्हापासून जे जे मिळेल ते वाचलं, पाहिलं. पण पुस्तकात कपड्याला वळसा घालून मागे जाता येत नाही. म्हणून उत्तर स्पेनच्या किनाऱ्यावर, त्याच्या गावी, गेतारियाला जायचं ठरवलं.

मुक्काम सान सेबास्तियानला केला. हेही त्याचंच शहर. १९१७ साली त्याने स्वतःच्या नावाचं पहिलं फॅशन हाउस इथेच उघडलं. स्पेनचं राजघराणं उन्हाळ्यात इथे येत असे, त्यांच्या मागोमाग माद्रिदचा सगळा श्रीमंत वर्ग. पॅरिसचे कपडे अंगावर घेऊन हिंडणाऱ्या बायका त्याला इथे रोज दिसत. ला कोंचाच्या अर्धवर्तुळाकार किनाऱ्यावरून संध्याकाळी चालताना मला सारखं तेच सुचत होतं. कोवळ्या वयात शिंपीकाम शिकायला आलेला एक मुलगा याच रस्त्यावर उभा राहून कुणाच्या तरी कोटाची शिवण डोळ्यांनी उसवत असणार.

पुढे माद्रिद आणि बार्सिलोनातही त्याच्या शाखा निघाल्या. स्पेनमधल्या या धंद्याला त्याने नंतर 'एइसा' हे नाव दिलं होतं, आईच्या आयसागिर्रे या आडनावावरून. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि त्याला देश सोडावा लागला. १९३७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला, १० अव्हेन्यू जॉर्ज साँक या पत्त्यावर, त्याने पहिलं कलेक्शन दाखवलं. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. पॅरिसने त्याला घडवलं असं म्हणतात ते मला पटत नाही. तो तिथे पोचला तेव्हा पुरता घडलेला होता, वीस वर्षं दुकान चालवलेला माणूस होता.

गेतारियाला रेल्वे नाही, बस आहे. अंतर साधारण २५ किलोमीटर. जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा, कारण सारौत्स सोडलं की रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरून जातो. कांताब्रियन समुद्राचा रंग त्या सकाळी काळपट करडा होता, वर ढग, आणि डावीकडच्या उतारांवर चाकोली वाइनच्या द्राक्षांचे मळे. बालेन्सियागाच्या काळ्या रंगाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, स्पॅनिश चर्च, विधवा, धर्मगुरूंचे पायघोळ झगे वगैरे. ते सगळं खरं असेल. पण हा समुद्र पाहिल्यावर मला त्या काळ्यात एक ओला, जड काळाही दिसायला लागला.

गाव जेमतेम तीन हजार वस्तीचं. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १५२२ मध्ये परतलेला हुआन सेबास्तियान एल्कानो इथलाच, त्याचे पुतळे आहेत. जुनी गल्ली उतरत बंदराकडे जाते, आणि वाटेत सान साल्वादोरचं चर्च लागतं. त्याची आतली जमीन चक्क तिरकी आहे आणि त्याच्या पोटाखालून रस्ता जातो. बंदरापलीकडे समुद्रात शिरलेली टेकडी आहे, उंदरासारखी दिसते म्हणून सगळे तिला उंदीरच म्हणतात. बालेन्सियागाचे वडील मच्छीमार होते. ते लवकर गेले, आणि आई मार्तिना शिवणकाम करून घर चालवू लागली. तिच्या गिऱ्हाइकांत गावात उन्हाळ्यासाठी येणारी एक सरदारीण, मार्केसा दे कासा तोरेस होती. पोरगा आईसोबत तिच्या घरी जायचा, कपाटातले पॅरिसचे कपडे बघायचा. एकदा त्याने तिच्याकडे तिचा एक उंची पोशाख नकलेसाठी मागितला आणि तिने तो दिला, अशी गोष्ट सांगतात.

त्या मार्केसाचं घर म्हणजे आल्दामार पॅलेस, आणि आजचं बालेन्सियागा म्युझियम त्याच घराला लागून उभं आहे. जून २०११ मध्ये ते सुरू झालं. शिंपिणीचा मुलगा ज्या कपाटात डोकावत होता त्याच्या शेजारच्या भिंतीआड आज त्याचे स्वतःचे कपडे जपून ठेवलेत. नवी इमारत काळसर काचेची आहे, टेकडीला पाठ लावून उभी, आणि आत गेल्यावर उंची एकदम अंगावर येते. दालनं मात्र अंधारी. रेशमाला उजेड सोसत नाही, म्हणून अशा ठिकाणी प्रकाश साधारण ५० लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंद ठेवतात. डोळे सरावायला वेळ लागतो. तो वेळ द्या. काळ्यावर काळं भरतकाम, काळ्या लेसखाली काळं रेशीम, हे सगळं घाई करणाऱ्याला दिसतच नाही.

मग मी ज्यासाठी आले होते ते केलं. काही काचपेट्यांना पुरता वळसा घालता येतो. तिथे मी प्रत्येक कपड्याच्या आधी मागे गेले आणि मग पुढे आले.

एक लोकरी सूट होता, पन्नाशीच्या दशकातला. समोरून अगदी शिस्तीचा, चार बटणं, खिसे जागच्या जागी. मागून मात्र खांद्यापासून खाली कापड सरळ न उतरता किंचित फुगून, वळून, कमरेखाली परत अंगाकडे येत होतं. चुण्या नाहीत. टाचलेलं काही नाही. नुसत्या बेतण्यातून आणि इस्त्रीच्या वाफेतून ती गोलाई आणलेली. लोकरीला वाफेवर हवा तसा आकार देता येतो हे शिवणारा प्रत्येक जण जाणतो, पण इतका थोडा, इतका नेमका आकार देऊन थांबणं फार कठीण आहे. बाही थोडी तोकडी, मनगट उघडं राहील अशी. बांगडी किंवा मोत्यांचा सर दिसावा म्हणून, असं म्हणतात. मला वाटतं बाहीचं वजनच कमी करायचं असणार. बाहीवरून तर तो झोप उडवून घ्यायचा. पूर्ण झालेल्या कपड्याची बाही पटली नाही तर उसवून पुन्हा लावायचा. प्रत्येक कलेक्शनमधला एक काळा पोशाख तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करत असे, असंही सांगतात. कापणं, बेतणं, शिवणं हे सगळं एकट्याला येणारे डिझायनर तेव्हाही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

पुढे १९५७ चा सॅक ड्रेस. पत्रकारांनी त्याची तेव्हा टर उडवली होती, गोणपाट म्हणून. पाठीमागून पाहिलं की तो गोणपाट नाही हे तत्काळ कळतं. मानेखालून कापड सुटतं, मधे कुठेही शरीराला शिवत नाही, आणि गुडघ्याशी येऊन अरुंद होतं. आतली बाई चालू लागली की कापड एका क्षणानंतर चालू लागत असणार. त्याच्या शेजारी १९५८ चा बेबी डॉल. लेसचा बाहेरचा झगा खांद्यावरून लोंबतो आणि आतला घट्ट काळा पोशाख त्यातून पुसट दिसतो. दोन्हींच्या मधे हवा. त्याच वर्षी त्याने पुढे आखूड आणि मागे लोळणारे संध्याकाळचे पोशाखही केले, मोराच्या शेपटीचं नाव मिळालेले. पुढून येणाऱ्या माणसाला पाय दिसावेत आणि निघून जाणाऱ्या बाईकडे लोकांनी वळून पाहावं, एवढा विचार एका घेराच्या कडेत आहे.

सर्वांत जास्त वेळ मी गझारसमोर काढला. हे कापड १९५८ मध्ये झुरिकच्या अब्राहम कंपनीच्या गुस्ताव झुमस्टेगने त्याच्यासाठी तयार केलं. रेशीमच, पण जास्त पीळ दिलेल्या धाग्यांचं, त्यामुळे हलकं असूनही ताठ. अंगावर कोसळत नाही. त्याला जसं दुमडाल तसं ते उभं राहतं. साठीच्या दशकात बालेन्सियागाने शिवणी कमी कमी करत नेल्या, त्याला हे कापड कारण आहे. १९६१ मध्ये त्याने एकाच शिवणीचा कोट केला. १९६७ चा लग्नाचा पोशाख तर उरेप, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाच्या मोजक्या तुकड्यांतून बेतलेला, डोक्यावर त्याच गझारचं मोठं शिरोभूषण. त्याचा फोटो मी शेकडो वेळा पाहिला असेन. इथे गझारचा एक संध्याकाळचा झगा मागून पाहिला आणि पहिल्यांदा उमगलं की ते कापड काही लपवतही नाही आणि दाखवतही नाही. ते शरीराला स्वतःपासून थोडं दूर उभं करतं. फार थकलेल्या खांद्यावरची ओझी कुणी उतरवून घ्यावीत तसं मला त्या पाठीकडे पाहून वाटलं.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने २०१७ च्या प्रदर्शनासाठी त्याच्या कपड्यांचे एक्स-रे काढून घेतले होते, निक व्हीझी या छायाचित्रकाराकडून. त्यात आतल्या कांड्या दिसतात, कडेला लपवलेली वजनं दिसतात. म्हणजे जे कापड हवेत आपोआप तरंगतंय असं वाटतं त्याच्या आत पुष्कळ कष्ट दडलेले असतात. गेतारियात ते आतलं दिसत नाही. पण एक्स-रे आधी पाहिले असतील तर नजर आपोआप आत जाते; जमल्यास ते बघून मगच या.

चाहतेपणाची एक गोष्ट इथे आठवलीच पाहिजे. मोना फॉन बिस्मार्क नावाची अमेरिकन श्रीमंत बाई त्याची गिऱ्हाईक होती, बागकामाच्या आखूड चड्ड्यासुद्धा त्याच्याकडून शिवून घेणारी. १९६८ मध्ये त्याने अचानक फॅशन हाउस बंद केलं तेव्हा ती तीन दिवस खोलीबाहेर आली नाही, असं सांगतात. लोक हा किस्सा हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्याने तुमची पाठ, खांदा, वय वाढताना बदलत गेलेली कंबर इतकी वर्षं ओळखली, तो माणूस काम थांबवतो तेव्हा तुमचं काहीतरी बंद होतंच.

बालेन्सियागा मार्च १९७२ मध्ये गेला. मुलाखती त्याने जवळजवळ दिल्याच नाहीत, स्वतःच्या शोनंतर तो बाहेर येऊन झुकायचाही नाही. पॅरिसच्या कुत्यूर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने शिवलेल्या उंची कपड्यांच्या, संघटनेचा सभासदही तो झाला नाही. १९५६ पासून त्याने आणि त्याचा मित्र, फ्रेंच डिझायनर जिव्हाँशीने पत्रकारांना गिऱ्हाइकांच्या नंतर महिनाभराने कलेक्शन दाखवायला सुरुवात केली. हाच जिव्हाँशी पुढे या गावातल्या बालेन्सियागा फाउंडेशनचा संस्थापक अध्यक्ष झाला.

आजच्या ब्रँडबद्दल आम्हा चाहत्यांत फार भांडणं होतात. हुडी आणि प्रचंड बुटांचा ब्रँड, त्याचा त्या म्हाताऱ्याशी काय संबंध, असं अनेक जण म्हणतात. मी त्या बाजूची नाही. ब्रँडचा तेव्हाचा डिझायनर देम्नाने २०१६ मध्ये पहिलं कलेक्शन दाखवलं तेव्हा त्यातली फुगीर जॅकेटं खांद्यावरून मागे ओढलेली होती, मान उघडी टाकणारी. ती कॉलर ज्याने ओळखली नाही त्याने जुना सूट नीट पाहिलेला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये तेवढ्याच ताकदीने त्याने ५३ वर्षं बंद असलेलं कुत्यूर पुन्हा सुरू केलं, त्याच जॉर्ज साँकच्या पत्त्यावर, आणि शोला संगीत नव्हतं, कारण जुन्या सलोनमध्येही ते नसे. २०२५ पासून तिथे डिझायनर म्हणून पियरपाओलो पिचोली आहे. त्याच्याकडून मला एकच हवंय, त्याने कपड्यांच्या पाठीकडे लक्ष द्यावं.

बाहेर आले तेव्हा ऊन पडलं होतं. गावातल्या खाणावळी मासे रस्त्यावरच्याच लोखंडी जाळ्यांवर भाजतात, तुर्बो नावाचा चपटा मासा अख्खा, कातडीसकट. सोबत चाकोली, उंचावरून धार धरून ओतलेली. भरपूर खाल्लं.

जाणाऱ्यांसाठी एक सांगते. नाजूक कापडांना विश्रांती द्यावी लागते, म्हणून दालनांतले कपडे बदलत राहतात. बेल्जियमच्या राणी फाबिओलाचा १९६० चा लग्नाचा पोशाख या संग्रहात आहे, सॅटिन आणि कडेला पांढरं मिंक. फाबिओला त्या मार्केसाच्याच घराण्यातली. मी गेले तेव्हा तो मांडलेला नव्हता. तुम्हाला एखादा ठरावीक कपडा पाहायचा असेल तर निघण्याआधी म्युझियमला लिहून विचारा, आणि तो वळसा घालता येईल असा ठेवलाय का तेही विचारा. फाबिओलाच्या पोशाखासाठी मी पुन्हा जाणार आहे, पण हे उत्तर मिळाल्यावरच तिकीट काढेन.