किरकिर सापडली: महागडा स्ट्रीमर विरुद्ध रास्पबेरी, पुढचा भाग

महागडा स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी वाजवणारा डबा) रास्पबेरी पाय या छोट्या संगणकापेक्षा वेगळं काही देतो का, हा प्रश्न होता. त्यासाठीची नल टेस्ट (एक सिग्नल दुसऱ्यातून वजा करून फरक शोधणं) एकदाची झाली! उसना आणलेला महागडा स्ट्रीमर आणि आपलं नेहमीचं रास्पबेरी (मूड प्लेअर हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर व्हॉल्यूम बंद, डीडीसी म्हणजे यूएसबीचं इतर डिजिटल आउटपुटमध्ये रूपांतर करणाऱ्या डबीमार्गे) या दोघांचं कोअ‍ॅक्स आउटपुट ऑडिओ इंटरफेसच्या (रेकॉर्डिंगच्या यंत्राच्या) डिजिटल इनपुटवर रेकॉर्ड केलं, सॅम्पलला सॅम्पल जुळवलं, एकाची पोलॅरिटी उलटी करून बेरीज केली. निव्वळ शून्य. एकाही बिटाचा फरक नाही. ती सपाट रेघ मी बराच वेळ बघत बसलो.

तरीही मागच्या वेळी लिहिलेली किरकिर आहेच. रास्पबेरी यूएसबीने थेट डॅकला (डिजिटलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणाऱ्या यंत्राला) जोडलं की तानपुरा विरत जातो तिथे मागे बारीक शिट्टी ऐकू येते. स्ट्रीमरवर ती नाही. केबल बदलली, फेराइट (केबलवरचा गोंगाट अडवणारे मणी) लावले, ढिम्म फरक नाही. लिनियर सप्लाय (कमी गोंगाटाचा म्हणून विकला जाणारा वीजपुरवठा) लावला तर उलट वाढली, कारण त्याला अर्थिंगची तिसरी पिन आहे. लिनियर सप्लाय म्हणजे रामबाण असं सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही.

मग अ‍ॅम्पच्या आउटपुटचा स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती आवाज, याचा आलेख) काढला. बरोबर 8 किलोहर्ट्झवर टोकदार सुळका! हाय-स्पीड यूएसबीची मायक्रोफ्रेम (डेटा पाठवण्याचा ठरलेला कालखंड) दर 125 मायक्रोसेकंदांनी येते, म्हणजे सेकंदाला 8000. गोंगाट गाण्याच्या डेटात नाहीच, तो ग्राउंडवरून अ‍ॅम्पमध्ये चढतोय. खात्रीसाठी रास्पबेरी पॉवर बँकेवर आणि वायफायवर टाकलं. सुळका गायब. अ‍ॅडॉप्टर लावला, परत हजर. लॅन केबलवर संशय नको. इथरनेट पोर्टमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतोच, फक्त शिल्डेड केबल वापरू नका.

म्हणजे त्या स्ट्रीमरने पैसे घेतले ते चांगल्या ग्राउंडिंगचे, देखण्या डब्याचे आणि अ‍ॅपचे. अ‍ॅप खरंच सुरेख आहे, घरात सगळ्यांना वापरता येतं, आणि त्यासाठी कुणी पैसे मोजले तर मी समजू शकतो. पण असिंक्रोनस यूएसबीत (डॅक स्वतःच्या गतीने डेटा मागवतो त्या पद्धतीत) घड्याळ डॅकचंच चालतं, तेव्हा 'स्ट्रीमर बदलला आणि साउंडस्टेज उघडला' (म्हणजे आवाजाचा पसारा रुंदावला) या दाव्यावर पैसे घालू नयेत असं माझं ठाम मत आहे.

बेत यूएसबी आयसोलेटर (डेटा जाऊ देऊन ग्राउंड तोडणारी डबी) घ्यायचा होता. एडीयूएम4160 चिपवाले सहज मिळतात, पण ते 12 मेगाबिटवर थांबतात, हाय-स्पीडवाला हवा. आणि हे लिहिता लिहिताच लक्षात आलं, डीडीसीला ऑप्टिकल आउट आहे की! काचेतून असो वा प्लॅस्टिकमधून, प्रकाशाबरोबर ग्राउंड येत नाही. टॉसलिंकवर (याच ऑप्टिकल जोडणीवर) 24 बिट/96 किलोहर्ट्झच्या वर भरवसा नाही, आणि घड्याळ डॅकला सिग्नलमधून काढावं लागेल. पण माझा बहुतेक संग्रह सीडी रिप, 44.1 किलोहर्ट्झचा.

आयसोलेटरची ऑर्डर थांबवली. आज रात्री ऑप्टिकल जोडून तोच स्पेक्ट्रम पुन्हा काढतो, मग 0.1 डीबीपर्यंत लेव्हल जुळवून एबीएक्स (कुठलं कोणतं हे न सांगता ऐकून ओळखायची चाचणी).