तुम्ही विचारलंत म्हणून: बायकांना समिती नकोच असते का?

निवृत्तीनंतर अधूनमधून प्रशिक्षणांना बोलावतात. जेवणाच्या सुट्टीत एखादे गुरुजी हमखास विचारतात, "बाई, आया समितीत यायला तयारच नसतात. मग निम्म्या बायकांचा आग्रह कशाला?"

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक आणि 50 टक्के महिला असाव्या लागतात. आमच्याकडे कागदोपत्री त्या होत्याच. सोलापूरजवळ कुंभारीच्या बाजूची आमची जिल्हा परिषदेची शाळा. बहुतेक मुलांच्या आया बिडी कामगार, कितीतरी घरांत तेलुगू. मी मुख्याध्यापिका म्हणून रुजू झाले तेव्हा इतिवृत्तात बायकांच्या सह्या होत्या आणि बैठकीला त्यांचे नवरे बसलेले होते.

बैठक सकाळी अकराला. नेमक्या त्याच वेळी या बायका वळलेल्या बिड्या मोजून द्यायला रांगेत उभ्या असायच्या. मजुरी हजार बिड्यांवर. रांग सोडली की दिवस बुडाला. त्या तयार नव्हत्या असं नाही, त्यांना वेळ विचारलीच नव्हती.

हे मला चटकन उमगलं, कारण मीही एकदा पदोन्नती नाकारली होती. मुलगी दोन वर्षांची होती आणि मिळालेली शाळा अक्कलकोट तालुक्यात, दोन एसटी बदलून जायची. "इच्छुक नाही" असं माझ्याच हातानं लिहून दिलं. इच्छा होती हो, फार होती.

बैठक दुपारी चारला नेली. खुर्च्या काढून सतरंजी अंथरली, तेलुगू येणाऱ्या अंगणवाडी सेविकेला शेजारी बसवलं. पहिल्या दोन बैठकांत कुणी बोललं नाही. तिसऱ्या बैठकीत मी हजेरीचं गाऱ्हाणं मांडलं: सहावी-सातवीच्या मुली पहिल्या तासाला उशिरा येतात, रागावून उपयोग होत नाही. मागून एक अक्का म्हणाल्या, "बाई, पानं रात्री भिजत घालतो. सकाळी ती कापायला पोरीच बसतात."

इतकी वर्षं आम्ही त्या मुलींच्या नावापुढे लाल शेरा मारत होतो. आणि पहिला तास गणिताचा! सातवीपर्यंत येताना त्यांचं गणित कच्चं का राहतं, यावर आम्ही शिक्षकांनी किती डोकं खपवलं होतं. कापायला पत्रा आणि कात्री घेऊन बसलेली मुलगी आम्हाला दिसणार कुठून? ती रोज पाहणारी बाईच समितीत हवी. माझ्या लेखी आग्रहाचं कारण हेच आहे.

गणिताचा तास तिसरा केला. पण तेवढ्यावर अक्कांचं समाधान झालं नाही. पाच-सहा जणी मिळून घरोघर फिरल्या, पोरींना सकाळी कामाला बसवू नका, पानं संध्याकाळीच कापून ठेवा, असं सांगत. दोन घरांत भांडणं झाली. मी गेले असते तर चहा मिळाला असता आणि दुसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा उशिरा आली असती.

पुढच्या निवडीत त्याच अक्का अध्यक्ष झाल्या. पहिल्या बैठकीनंतर, सचिव या नात्यानं, मी सवयीनं इतिवृत्ताची वही सहीसाठी पुढे केली. त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "आधी सगळं वाचून दाखवा. मागचंही."

वाचायला पाऊण तास लागला.