सेंट्रल फिन्सबरीचं पान भरत आलं

मंडळी, ब्रिटनच्या बरखास्त झालेल्या मतदारसंघांच्या माझ्या वहीत लंडनची सेंट्रल फिन्सबरी बऱ्यापैकी मार्गी लागली. १८३२ पासून फिन्सबरी ही दोन खासदारांची जागा होती. १८८५ च्या फेररचनेत तिचे तुकडे पडले. क्लार्कनवेलचा, म्हणजे घड्याळजी आणि छोट्या कारागिरांचा पट्टा सेंट्रलकडे आला. १९१८ ला खेळ खलास, ईस्ट आणि सेंट्रल मिळून परत नुसती फिन्सबरी.

आपल्याला ही जागा माहीत असते ती दादाभाई नौरोजींमुळे. १८८६ च्या निवडणुकीत ते शेजारच्या होबर्नमध्ये पडले होते. त्यावरून १८८८ मध्ये पंतप्रधान सॉल्सबरी एडिंबराच्या सभेत म्हणाले की, इंग्रज मतदार ‘काळ्या माणसाला’ निवडून देतील या थराला आपण अजून आलेलो नाही. १८९२ चा आकडा बघा: लिबरलांचे दादाभाई २,९५९, सॉल्सबरींच्याच हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे पेंटन २,९५६. तीन मतं! काही ठिकाणी पाच छापलेलं सापडेल. पेंटन यांनी निकालाला आव्हान दिलं, पण जागा दादाभाईंकडेच राहिली.

चरित्रकार इथे थांबतात. मी मात्र या जागेचे सगळे निकाल एकाखाली एक लिहून लिबरलांना पिवळा, हुजूरांना निळा रंग दिला. १८८५ पिवळा, १८८६ निळा, १८९२ पिवळा, १८९५ आणि १९०० निळा, १९०६ पिवळा, १९१० निळा. देशात वारं फिरलं की ही जागा फिरायची. १८९५ ला दादाभाई हरले ते लिबरलांची देशभर धूळधाण झाली तेव्हा. त्यामुळे ‘मतदारांनी त्यांना नाकारलं’ हे वाक्य मला तरी पटत नाही.

शेवटचे खासदार मार्टिन आर्चर-शी. पाच शिलिंगांच्या पोस्टल ऑर्डरच्या चोरीचा आळ आलेला नौदल शाळेतला मुलगा, ज्याचा खटला तेव्हा खूप गाजला, तो जॉर्ज आर्चर-शी यांचाच सावत्र भाऊ. हे कळल्यावर माझी एक अख्खी संध्याकाळ भलतीकडेच गेली, पण वहीत शिरलं ते शिरलं.

हद्दीचा नकाशा अर्धा झालाय, होबर्नकडची बाजू राहिलीय. पुढचं पान बेथनल ग्रीन नॉर्थ-ईस्टचं: दादाभाई पडले त्याच १८९५ च्या निवडणुकीत तिथून मंचेरजी भावनगरी निवडून आले, तेही मुंबईचे पारशी, पण हुजूर पक्षाचे. लिबरलांच्या हातातली ती कामगारवस्तीची जागा त्यांनी कशी काढली, ते आता बघायचंय.